निद्रानाशाचे निदानपरिवर्जन : औषधापूर्वीची चिकित्सा

‘रात्री झोप लागत नाही, काहीतरी द्या,’ असे म्हणत येणारा रुग्ण कोणाही वैद्यास नवा नाही. आपला हातही सवयीने अश्वगंधा, जटामांसी, तगर यांकडे वळतो. सवड असेल त्यास शिरोधारा सुचविली जाते. यात शास्त्राला सोडून काही नाही. मात्र निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी निद्रानाशात आपण किती वेळा चढतो, हा विचार आम्हांस आमच्याच दोन रुग्णांमुळे करावा लागला.

पहिले रुग्ण साठी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. शरीर कृश, प्रकृती वातप्रधान, कोष्ठ क्रूर. रात्री नऊला अंथरुणावर पडावे आणि साडेबारापर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहावे, असा सहा महिन्यांचा क्रम. वातप्रकोपाचे चित्र इतके स्पष्ट होते की, आम्ही फारसे खोलात गेलो नाही. निद्राजनक द्रव्यांत चरकाचार्यांनी म्हशीच्या दुधास अग्रस्थान दिले आहे. त्या दुधातून अश्वगंधा चूर्ण आणि सात दिवस शिरोधारा अशी योजना केली. धारेच्या दिवसांत गुरुजींना बरे वाटले. आठव्या दिवसापासून पुन्हा पूर्वीचेच.

तिसऱ्या भेटीस त्यांच्या पत्नी सोबत आल्या. ‘दुपारी आरामखुर्चीत दोन-दोन तास घोरता, ते सांगितलंत का यांना?’ असे त्यांनी विचारताच गुरुजी उत्तरले, ‘ती काय झोप आहे? नुसता डोळा लागतो.’ पुढे विचारत गेलो तेव्हा समजले की, उठल्यावर चार वाजता चहा होतो, पुन्हा साडेसहाला मित्रमंडळीत होतो. नऊला निजण्याचे कारण झोप येणे हे नव्हतेच. ‘लवकर निजे’ हे जन्मभर मुलांना शिकविले, ते निवृत्तीनंतर तरी पाळावे, एवढाच हेतू. पहाटे सहापर्यंत ते अंथरूण सोडत नसत. म्हणजे रात्रीचे नऊ तास आणि दुपारचे दोन. या वयात सात-आठ तासांहून अधिक झोप सहसा लागत नाही. अकरा तास मागितल्यास शरीराने ती द्यावी कोठून?

हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवे होते. ते न विचारणे हा आमचा दोष.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यासरशी झोपेची ओढ वाढते, असे आधुनिक शरीरक्रियाशास्त्र सांगते. दुपारची दीर्घ झोप ही ओढ खर्च करून टाकते. चहा-कॉफीतील कॅफिन तिची जाणीव दाबते. घेतलेल्या कॅफिनचा साधारण निम्मा अंश पाचेक तासांनंतरही शरीरात असतो. त्यामुळे साडेसहाचा चहा रात्री साडेअकरापर्यंत आपले काम करीत राहतो. दुसरी गोष्ट शरीरातील घड्याळाची. ते कसे चालते याच्या शोधास २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळचा प्रकाश हे घड्याळ रोज लावतो, तर रात्रीचा प्रखर प्रकाश ते मागे ढकलतो. चरकसंहितेत निद्रेच्या प्रकारांत रात्रिस्वभावातून उद्भवणारी निद्राच स्वाभाविक मानली आहे. दिव्यांनी आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याने रात्रीचा तो स्वभावच आपण घरातून घालविला आहे.

गुरुजींचे सर्व औषध थांबविले. उठण्याची वेळ साडेपाच ठरविली, मग रात्र कशीही गेलेली असो. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर फिरणे. दुपारी दोननंतर चहा नाही. वृद्धांना चरकांनी दिवास्वापाची सवलत दिली आहे, ही शंका वैद्यमित्र घेतीलच. म्हणून दुपारची विश्रांती पूर्ण बंद केली नाही. ती तीनच्या आत, बसून, वीस-पंचवीस मिनिटांवर आणली. जेवण साडेसातला. आणि अंथरुणावर जाणे अकराला! हे ऐकून गुरुजी चकित झाले. झोपेसाठी आलो आणि वैद्य जागावयास सांगतात, अशी त्यांची तक्रार. अंथरुणावर पडून झोप येत नाहीसे वाटले तर उठून मंद प्रकाशात बसावे, डोळे जड झाल्यावरच परत यावे, हेही बजावले. या पद्धती पाश्चात्त्य वैद्यकात १९७० आणि १९८० च्या दशकांत मानसोपचाराच्या अंगाने विकसित झाल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी याच उपचारांची शिफारस केली. आपल्या परिभाषेत हे निदानपरिवर्जन आणि सात्म्य यांपलीकडे काही नाही.

पहिला आठवडा त्यांना जड गेला. दिवसा पेंग येई. तिसऱ्या आठवड्याअखेर अकराला पडल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत झोप लागू लागली.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही पादाभ्यंग जोडला होता. निद्रानाशावर ग्रंथकारांनी अभ्यंग, स्नान, संवाहन, सुखशय्या, मनास आवडणारे गंध व शब्द असे कितीतरी उपाय सांगितले आहेत. त्यांतला घरोघरी जमणारा हाच. पायांना कोमट तिळतेल किंवा गाईचे तूप लावून काशाच्या वाटीने तळवे दहा-दहा मिनिटे घासावेत. नंतर कोमट पाण्याने पाय धुऊन पुसावेत. हातापायांच्या त्वचेत रक्ताभिसरण वाढले की शरीराच्या आतील उष्णता बाहेर पडते, आणि झोप लागताना शरीराला हेच हवे असते. निजण्यापूर्वी तास-दीड तास कोमट पाण्याने स्नान केल्यासही असाच गुण येतो. वाटीने घासताना तूप काळे पडते, ते ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणून रुग्णास दाखविण्याची प्रथा मात्र सोडावी. कासे म्हणजे तांबे आणि कथील. तांब्याचा स्निग्धाशी संयोग होऊन काळेपणा येतो. मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर पाण्याची उष्णता दुसऱ्याने हाताने पाहावी आणि वाटीऐवजी हातानेच चोळावे.

आता दुसरे रुग्ण. पंचेचाळिशीचे स्थूल दुकानदार. ‘रात्री सारखी जाग येते, दिवसभर गल्ल्यावर डुलक्या येतात,’ ही तक्रार. त्यांनाही आम्ही दूध, तूप आणि अभ्यंग सांगून बसलो होतो. महिन्याभराने स्कूटर चालविताना क्षणभर डोळा लागून ते पडले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. घरच्यांना विचारले तेव्हा कळले, घोरणे तिसऱ्या खोलीत ऐकू येते आणि मध्येच श्वास थांबून ते दचकतात. हा निद्रानाश नव्हे. झोपेत श्वासमार्ग बंद पडण्याचा विकार होता. निद्रेचे विवेचन चरकांनी अष्टौनिंदितीय अध्यायात, अतिस्थूलाच्या शेजारीच केले आहे. तो अध्याय आम्ही शिकविलाही आहे, आणि तरी अतिस्थूलास बृंहण दिले! त्यांना निद्रातपासणीसाठी पाठविले. आज ते रात्री दाबयुक्त हवेचे यंत्र वापरतात आणि आमच्याकडे लंघन-व्यायामाची चिकित्सा घेतात. अशा रुग्णास गुंगी आणणारे कोणतेही द्रव्य, मग ते आपले असो वा परके, धोक्याचे होय.

द्रव्यांविषयी थोडे. सर्पगंधेने झोप येते हे खरे, परंतु रक्तदाब उतरतो आणि मन खिन्न होऊ शकते. केवळ झोपेसाठी ती वापरू नये असे आमचे मत आहे. दुधातले जायफळ चिमूटभरच असावे. चमचाभर घेणाऱ्यास भोवळ, धडधड आणि भ्रम होतो. अश्वगंधेनंतर यकृतविकार झाल्याच्या नोंदी अलीकडे झाल्या आहेत, तेव्हा ती सुरू केल्यावर लघवीचा व डोळ्यांचा रंग विचारीत जावे. आणि कित्येक वर्षे झोपेची गोळी घेणारा रुग्ण आपल्याकडे आल्यास उत्साहाच्या भरात ती एकदम बंद करू नये. त्यातून आक्षेपही येऊ शकतात. गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, आठवड्यांच्या हिशेबाने ती उतरवावी.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता निद्रेसाठी अर्धे पान राखले आहे : अंथरुणावर जाण्याची व उठण्याची वेळ, दुपारची झोप, शेवटचा चहा, जेवणाची वेळ, चालू गोळ्या, घोरणे. शेवटचे उत्तर आम्ही रुग्णाकडून घेत नाही, सोबत आलेल्या माणसाकडून घेतो. गुरुजी अधूनमधून भेटतात. रविवारी मित्रमंडळीत सायंकाळी अर्धा कप होतो, असे परवा त्यांनी स्वतःच सांगितले. त्या रात्री किती वाजता झोप लागली, तेही वहीत टिपून आणले होते.