टिगचा टॉर्च हाती घेण्यापूर्वी

मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाई असो की गोव्यातील डिचोली, गेट-ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग म्हणजे बहुधा होल्डरमध्ये अडकवलेला रॉड आणि उडणाऱ्या ठिणग्या. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्यांना मात्र ही पद्धत पुरत नाही. शुद्ध पाणी वाहून नेणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या नळीत जोड खडबडीत राहिला, तर त्याच्या खाचांत जंतूंना थारा मिळतो. अशा नळ्या टिग पद्धतीने जोडतात. रॉडवर हात बसलेला कारागीर तिकडे वळतो, तेव्हा प्रथम अडतो तो टॉर्चपाशी.

रॉड वितळून स्वतःच जोडात उतरतो. टिगमधील टंगस्टनची कांडी मात्र केवळ आर्क धरून ठेवते. भर घालायची तार दुसऱ्या हाताने द्यावी लागते. टंगस्टनचा वितळबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस असल्याने हे शक्य होते. अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. त्यांनी हेलियम वापरला होता. आपल्याकडे आर्गॉन चालतो.

टॉर्च उघडून पाहिला तर त्यात गूढ असे काही नाही. कांडीला घट्ट पकडणारे कोलेट, ते ज्यात बसते ती कोलेट बॉडी, मागून आवळणारी बॅक कॅप आणि पुढे सिरॅमिकचा कप. कपाचा क्रमांक म्हणजे इंचाचे सोळावे भाग. सहा क्रमांकाच्या कपाचे तोंड साडेनऊ मिलिमीटरचे. हवेने थंड होणारा सतरा क्रमांकाचा टॉर्च साधारण १५० अँपिअरपर्यंत, तर सव्वीस क्रमांकाचा २०० पर्यंत चालतो. त्यापुढे पाण्याने थंड होणारा टॉर्च लागतो.

खरे काम वायूचे आहे. तापलेल्या धातूला हवेतील ऑक्सिजन लागू न देणे, हे आर्गॉनचे मुख्य कर्तव्य. मिनिटाला सात ते बारा लिटर प्रवाह बहुतेक कामांना पुरतो. जोड काळा पडला की नवशिका प्रवाह वाढवतो, आणि तेथेच फसतो. अतिवेगाने सुटलेला वायू घुसळतो व बाहेरची हवा आत ओढतो. डोक्यावरचा पंखा किंवा दारातून येणारा खारा वारा हेही पुरेसे कारण ठरते. आर्क विझल्यावरही टॉर्च लगेच उचलू नये. दर दहा अँपिअरमागे सुमारे एक सेकंद वायू चालू ठेवावा, म्हणजे ८० अँपिअरला आठ सेकंद. नळी जोडताना तिच्या आतही आर्गॉन भरावा लागतो, अन्यथा बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या जोडाच्या पोटात दाणेदार काळी खपली तयार होते. हा दोष वरून दिसत नाही.

कांडी पुसट टेकली तरी टोक बिघडते. ते पुन्हा घासलेच पाहिजे. घासण्याच्या रेघा कांडीच्या लांबीच्या दिशेने हव्यात, आडव्या रेघांनी आर्क भटकतो. लाल पट्टीच्या कांडीत थोरियम असते. ते किरणोत्सारी असल्याने तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. राखाडी, सोनेरी किंवा निळ्या पट्टीच्या कांड्यांत थोरियम नसते, आणि शिकणाऱ्याने त्याच घ्याव्यात. स्टीलसाठी डीसी आणि टॉर्च ऋण टोकाला. ॲल्युमिनियमसाठी एसी, कारण त्यावरील ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळतो आणि खालचा धातू ६६० अंशांनाच.

ठिणग्या नसल्याने टिग निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात तिच्या आर्कची अतिनील किरणे तीव्र असतात. उघडी मनगटे उन्हासारखी भाजतात. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेल्या धातूजवळ आर्क पेटवल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. सर्वांत फसवा मात्र आर्गॉनच. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचून प्राणवायूला हुसकावतो. तेथे गुदमरणाऱ्याला धाप लागत नाही. तो सरळ बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला धावलेला दुसराही तसाच कोसळतो. म्हणून टाकीत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन मोजायचा, हवा खेळती ठेवायची आणि काम थांबताच सिलिंडर बंद करून टॉर्च बाहेर काढायचा.