कर्ण्याचा पडदा

आमच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दर मे महिन्यात भरते, आणि आभार मानण्याचं काम परंपरेनं माझ्याकडे असतं. मागल्या वर्षी एका विद्वान वक्त्यांनी प्रस्तावना आटोपून म्हटलं, “आता या ग्रंथाचं सार सांगतो.” मागच्या बाकावरचे एक आजोबा दचकले. त्यांना ऐकू आलं होतं, “आता फार सांगतो!”

दोष आजोबांच्या कानांचा नव्हता, कर्ण्याचा होता. ‘स’ची बरीचशी ओळख सेकंदाला ४००० कंपनांच्या वरच्या सुरांत असते. ते सूर गळाले, की ‘स’चा ‘फ’ व्हायला वेळ लागत नाही. मराठीच्या मास्तराला हे कसं सोसावं? कर्णा उतरवून मी बाजारातल्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी कर्ण्यामागचं युनिट उघडलं. जाडजूड लोहचुंबक, त्यात घुमटीसारखा पडदा, पडद्याच्या काठाला कॉइल. “सर, मूळ पडदा ॲल्युमिनियमचा होता. तो फाटल्यावर कुणी तरी हा राळेत भिजवलेल्या कापडाचा बसवलाय. जत्रेतल्या आरडाओरड्याला हा उत्तम, पण व्याख्यानाला नाही.”

ही विद्या जुनी आहे. वेंट आणि थुरास या अमेरिकन संशोधकांनी केलेलं वेस्टर्न इलेक्ट्रिकचं ५५५ युनिट १९२६ पासून बोलपटांसाठी थिएटरात वाजू लागलं. त्यातला धातूचा पडदा इंचाच्या दोन हजारांश भागाइतका जाड! पडद्यासमोर फटी असलेला एक ठोकळा असतो. मोठ्या पडद्यानं ढकललेली हवा त्या फटींतून दाबून कर्ण्याच्या अरुंद गळ्यात शिरते. पडदा आणि ठोकळा यांतलं अंतर मिलिमीटरहून कमी. ते चुकलं तर वरचे सूर बिघडतात. म्हणून पडदा त्याच युनिटाचा हवा, नुसता मापाचा नव्हे.

आमचे चिटणीस टायटॅनियमवर अडून बसले. नावातच भारदस्तपणा! मिस्त्रींनी त्यांना समजावलं, की ॲल्युमिनियम काय नि टायटॅनियम काय, दोन्हींत ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटरच धावतो. टायटॅनियम वजनानं जड, पण वाकून वाकून लवकर तुटत नाही. म्हणजे मिळतो तो टिकाऊपणा, गोडवा नव्हे. बेरिलियमची गोष्ट निराळी. ते ॲल्युमिनियमहून हलकं, आणि त्यात ध्वनीचा वेग १२,००० मीटरांच्या पुढे. मात्र किंमत ऐकून आमची वर्गणी लाजली; शिवाय फुटलं तर त्याची धूळ फुप्फुसाला विषारी. शेवटी ॲल्युमिनियमच ठरलं.

बसवण्याचं काम मी पाहत बसलो होतो. मिस्त्रींनी पुठ्ठ्याच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून चुंबकाच्या फटीतला लोखंडी कीस काढला. आठ ओहमची कॉइल की सोळाची, ते तपासलं. मग स्क्रू अर्धवट आवळून हळू आवाजात एकच सूर खालून वर नेला. खरखर आली, की पडदा केसभर सरकवायचा. हे तासभर चाललं. मला तरी हात लावू दिला नाही, आणि ते बरंच झालं.

यंदाच्या मे महिन्यात तेच वक्ते पुन्हा आले. “आता सार सांगतो,” म्हणाले आणि पुढे पाऊण तास बोलले. सभा संपल्यावर आजोबा मला गाठून म्हणाले, “मास्तर, आवाज अगदी स्वच्छ. पण गेल्या वर्षी मला बरोबरच ऐकू आलं होतं!”