छऱ्याची बंदूक आणि पखुर्डी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पखुर्डी हा ग्वाल्हेर परिसरातील कोरड्या माळांवर, पडीक शेतांत आणि खडकाळ झुडपी रानात राहणारा मातकट रंगाचा पक्षी. आकाराने तो कबुतराहून किंचित लहान असतो. स्थानिक हिंदीत त्याला भट तीतर म्हणतात, तर इंग्रज शिकारी त्याला सँडग्राऊस म्हणत. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानची ख्याती वाघाच्या शिकारीसाठी होती आणि तेथील महाराज माधवराव शिंदे यांनी त्या विषयावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पाखरांची शिकार ही त्याहून वेगळी गोष्ट होती. तिची बंदूक वेगळी, पद्धतही वेगळी. या बंदुकीविषयी, पाखराविषयी आणि कायद्याविषयी अनेक चुकीच्या समजुती अजूनही टिकून आहेत.

गैरसमज 1 : पखुर्डी म्हणजे भारतातला ग्राऊस, किंवा तितराचाच एक प्रकार.

वस्तुस्थिती : पखुर्डी ग्राऊसही नाही आणि तितरही नाही. ग्राऊस हा कोंबडी-तितरांच्या गणातला पक्षी असून तो युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात राहतो. भारतात त्याची एकही जात नाही. पखुर्ड्यांचा गण स्वतंत्र आहे आणि त्यांचे नाते कबुतरांशी अधिक जवळचे आहे. लांब टोकदार पंख, आखूड पाय आणि सरळ वेगवान उड्डाण ही त्यांची ओळख. ग्वाल्हेर भागात दोन जाती आढळतात. उघड्या माळावर साधी पखुर्डी दिसते, तर दगडधोंड्यांच्या झुडपी रानात रंगीत पखुर्डी. बिकानेरजवळच्या गजनेर येथील प्रसिद्ध शिकार तिसऱ्याच जातीची होत असे. ती मोठी, काळ्या पोटाची पखुर्डी हिवाळ्यात वायव्य भारतात येते.

गैरसमज 2 : बोअरचा आकडा मोठा, म्हणजे बंदूक मोठी आणि पल्लाही लांब.

वस्तुस्थिती : बोअरचा आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एका गोळीचा व्यास तो बारा बोअर, म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर. वीस बोअरची नळी सुमारे 15.6 मिलिमीटरची असते. ‘चारशे दहा’ ही बंदूक मात्र या हिशेबात बसत नाही, कारण तो आकडा इंचाच्या हजारांश भागांत मोजलेला व्यास आहे.

पल्ल्याचा बोअरशी फारसा संबंध नाही. छर्रे कोणत्याही नळीतून जवळपास सारख्याच वेगाने निघतात. फरक पडतो तो त्यांच्या संख्येत. ब्रिटिश मापाच्या सहा नंबरचे 270 छर्रे एका औंसात बसतात. त्यानुसार बारा बोअरच्या 30 ग्रॅम भारात सुमारे 285, तर वीस बोअरच्या 25 ग्रॅम भारात सुमारे 240 छर्रे येतात. दोन्ही बंदुकांची खात्रीची मर्यादा 35 मीटरच्या आसपासच राहते.

गैरसमज 3 : लांब नळीची बंदूक दूर मारते.

वस्तुस्थिती : काळी दारू हळू जळत असे. त्या काळी लांब नळीचा उपयोग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू रुळली आणि हे कारण जवळजवळ संपले. लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनी पुढे 25 इंची नळ्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. 25 आणि 30 इंची नळ्यांमधून निघणाऱ्या छऱ्यांच्या वेगात नगण्य फरक असतो. नळीच्या लांबीने बदलतो तो बंदुकीचा तोल आणि उडत्या पाखराबरोबर ती फिरवण्यातली सहजता.

गैरसमज 4 : चोक जितका घट्ट आणि छर्रे जितके मोठे, तितकी बंदूक प्रभावी.

वस्तुस्थिती : चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेली किंचित अरुंदी. फुल चोकमधून 40 यार्डांवर सुमारे 70 टक्के छर्रे 30 इंची वर्तुळात पडतात. चोक नसलेल्या नळीतून त्याच वर्तुळात सुमारे 40 टक्के पडतात. जवळच्या अंतरावर मात्र फुल चोकचे छर्रे एका गठ्ठ्यात जातात. त्यामुळे एक तर नेम चुकतो, नाही तर पाखराच्या चिंध्या होतात. म्हणूनच पारंपरिक दुनळी बंदुकीत उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट ठेवत.

छऱ्यांचा नंबरही उलटा चालतो. पाच नंबरचे एका औंसात 220 बसतात, सात नंबरचे 340. मोठा छर्रा आपला वेग जास्त काळ टिकवतो, पण छर्रे कमी असल्याने त्यांच्यामधल्या फटी वाढतात. लहान पाखरू अशा फटीतून निसटते किंवा एखादाच छर्रा लागून जखमी होते. जखमी होऊन दूर जाऊन मेलेले पाखरू कुणाच्याही मोजणीत येत नाही.

गैरसमज 5 : नेम थेट पाखरावर धरायचा असतो.

वस्तुस्थिती : 30 मीटर अंतर कापायला छऱ्यांना साधारण एक दशांश सेकंद लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने आडवे जाणारे पाखरू तेवढ्या वेळात दीड मीटरहून अधिक पुढे सरकते. त्यामुळे बंदूक पाखराच्या पुढे न्यावी लागते आणि चाप ओढतानाही ती फिरती ठेवावी लागते.

गैरसमज 6 : ग्राऊसप्रमाणे पखुर्डीचीही शिकार मुख्यतः हाका करून होत असे.

वस्तुस्थिती : ब्रिटनच्या माळरानांवर ग्राऊसचा मोसम 12 ऑगस्टला सुरू होतो. तेथे हाकारे ओळीने चालत पाखरे उठवतात आणि शिकारी आडोशात थांबतात. पखुर्डीच्या शिकारीत हाक्याची फारशी गरज नसे. ती कोरडे बी खाते, म्हणून तिला पाण्यावर यावेच लागते, तेही ठरलेल्या वेळी. साधी पखुर्डी सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी थव्याने येते. रंगीत पखुर्डी सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशात आणि पहाटे उजाडण्यापूर्वी येते. शिकारी पाणवठ्याजवळ दबा धरून बसत.

ही पद्धत सोपी होती, आणि म्हणूनच ती घातक होती. दुष्काळात कोसभराच्या परिसरात एकच डबके उरले, तर आसपासची सारी पाखरे तेथेच येतात. पखुर्डी कुळातले नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून दूरच्या पिलांसाठी पाणी नेतात आणि पिले ती ओली पिसे चोखतात. 1896 मध्ये पक्षी-अभ्यासक मीड-वॉल्डो यांनी हे नोंदवले तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. 1967 मध्ये केड आणि मॅक्लीन या संशोधकांनी ते सिद्ध केले. पाणवठ्यावर असा नर मारला गेला, की माळावरची पिलेही तहानेने मरू शकतात.

गैरसमज 7 : थवे मोठे असतात, चार पाखरे मारल्याने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : पाणवठ्यावर थवा मोठा दिसतो, कारण दूरदूरची पाखरे तेथे एकत्र येतात. पखुर्डी उघड्या जमिनीवर, नुसत्या खळग्यात अंडी घालते, आणि एका विणीत साधारण तीनच. ब्रिटनचा लाल ग्राऊस सहा ते नऊ अंडी घालतो. त्याच्या शिकारीचे हिशेब पखुर्डीला लागू होत नाहीत. जमिनीवर पडलेले शिशाचे छर्रेही नुकसान करतात. बी खाणारी पाखरे दळणासाठी खडे गिळतात, त्यात छर्रे गेले की विषबाधा होते.

गैरसमज 8 : बंदुकीचा परवाना असला, की पाखरांची शिकार करता येते.

वस्तुस्थिती : शस्त्र कायद्याखालील परवाना फक्त बंदूक बाळगण्याचा असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ती सोय संपली. कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. फास लावणे, जाळ्यात पकडणे, हाका करणे, आमिष दाखवणे, अंडी किंवा घरटी नष्ट करणे आणि असा प्रयत्न करणे, हे सारे तिच्यातच येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अभयारण्यात हाच गुन्हा केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास आहे. ग्वाल्हेरजवळचे घाटीगाव येथील माळढोकासाठीचे अभयारण्य याच कक्षेत येते.

बोअर, चोक आणि छऱ्यांचे ज्ञान आज इतिहासापुरते आणि नेमबाजीच्या मैदानापुरते उपयोगी आहे. पाण्याच्या वेळांचे ज्ञान मात्र पक्षिगणनेला थेट कामी येते, कारण पाणवठ्यापासून लांब बसून त्या वेळी येणारी पाखरे मोजता येतात. अशा ठिकाणी जाळे, फास किंवा बंदूक दिसल्यास वनविभागाला तत्काळ कळवावे.