लिस्पमधला सेकंदाचा अंश: गैरसमज आणि वस्तुस्थिती

राजूरच्या एखाद्या शाळेत शंभर मीटरची शर्यत आहे आणि वेळ मोजायचा प्रोग्रॅम कॉमन लिस्पमध्ये लिहायचा आहे, असे समजा. पहिल्या दोघांत सेकंदाच्या दहाव्या भागाचाच फरक असू शकतो. अशा वेळी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: आत्ता किती वाजले, आणि मधे किती वेळ गेला. त्यांची गल्लत झाली की गैरसमज सुरू होतात.

गैरसमज: लिस्पला सेकंदापेक्षा बारीक वेळ कळत नाही.
वस्तुस्थिती: ‘गेट-युनिव्हर्सल-टाइम’ पूर्ण सेकंदच देते, हे खरे. 1 जानेवारी 1900 च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासूनचे सेकंद ते मोजते. भाषेच्या 1994 च्या प्रमाणकाने त्याहून बारीक घड्याळ बंधनकारक केले नाही. ती सोय एकेका कंपायलरने आपापली केली. एसबीसीएल या कंपायलरमध्ये ‘गेट-टाइम-ऑफ-डे’ 1970 पासूनचे सेकंद आणि वरचे मायक्रोसेकंद देते. या दोन आरंभांत 2,20,89,88,800 सेकंदांचे अंतर आहे. ते मिळवायला विसरू नये.

गैरसमज: ‘गेट-इंटर्नल-रिअल-टाइम’ मिलिसेकंदांत किती वाजले ते सांगते.
वस्तुस्थिती: या मोजणीचा आरंभ कुठून, हे प्रमाणक ठरवून देत नाही. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही. दोन वाचनांच्या फरकाला आहे. एककही सगळीकडे सारखे नाही: कुठे सेकंदाचे हजार भाग, कुठे दहा लाख. फरकाला ‘इंटर्नल-टाइम-युनिट्स-पर-सेकंद’ने भागावे. शर्यतीसाठी हेच साधन योग्य. ‘गेट-इंटर्नल-रन-टाइम’ मात्र प्रोसेसरने केलेल्या कामाचा वेळ मोजते. मूल धावत असताना प्रोग्रॅम नुसता थांबलेला असेल, तर तो वेळ जवळजवळ शून्य दिसेल.

गैरसमज: सेकंदांच्या आकड्यात 0.5 मिळवले की अर्धा सेकंद जोडला गेला.
वस्तुस्थिती: लिस्पमध्ये 0.5 असे लिहिले की ती सहसा एकेरी अचूकतेची दशांश संख्या ठरते. 1900 पासूनचे सेकंद आता साडेतीन अब्जांच्या वर गेले आहेत. एवढ्या मोठ्या आकड्यात अशा दोन शेजारच्या संख्यांत 256 सेकंदांचे अंतर असते. अर्धा सेकंद तर जातोच, चार मिनिटांपर्यंतचा हिशेबही पुसला जातो. 1/2 असा अपूर्णांक लिहावा, किंवा सगळे मायक्रोसेकंद पूर्णांकात ठेवावेत; लिस्प दोन्ही तंतोतंत सांभाळते.

गैरसमज: साडेपाच तासांचा भारतीय फरक लिस्पला अडचणीचा आहे.
वस्तुस्थिती: लिस्पमध्ये कालविभाग ग्रिनिचच्या पश्चिमेकडे तासांत मोजतात आणि तिथे अपूर्णांक चालतो. म्हणून भारतासाठी −11/2 लिहायचे. मुंबईने 1955 पर्यंत ग्रिनिचपेक्षा 4 तास 51 मिनिटे पुढची जी स्वतःची वेळ पाळली, तीही −97/20 अशी नेमकी मांडता येते.

गैरसमज: दशांशानंतर सहा आकडे आले, म्हणजे वेळ तेवढी अचूक.
वस्तुस्थिती: बारकाई वेगळी, अचूकता वेगळी. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवरून राखते. आपला संगणक ती इंटरनेटवरून जुळवून घेतो, तेव्हा काही मिलिसेकंदांची चूक सहज राहते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीतून स्पंदक तारे पाहिले जातात. त्यांतला व्हेला सुमारे 89 मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. अशा कामाला सर्वसाधारण संगणकाचे घड्याळ पुरत नाही. उपग्रहाशी जुळवलेला काळ लागतो.

मैदानावर तर आणखी एक मर्यादा आहे. रेषा ओलांडलेली पाहून कळ दाबायला माणसाला सुमारे दोन दशांश सेकंद लागतात. दोन मुलांतला फरक त्याहून कमी असेल, तर मायक्रोसेकंदांचे आकडे दाखवून एकाला हरवणे अन्यायाचे आहे. अशा वेळी अंतिम रेषेवर सेन्सर लावावा, नाहीतर दोघांना बरोबरीत ठरवावे.