पट्टा घसरला, आता सेल्फ मारू नका

भीमा आणि मुळा-मुठेच्या मधोमध असलेलं राहू बेट म्हणजे ऊस आणि गुऱ्हाळांचा मुलूख. इथे पट्टा कुणाला नवा नाही. चरकाचा पट्टा घसरला की पुलीवर परत चढवायचा आणि कामाला लागायचं. हीच सवय मोटारीच्या टायमिंग पट्ट्याला लावली की इंजिन हातचं जातं.

शेतकऱ्याचा या पट्ट्याशी संबंध तसा उशिरा आला. ट्रॅक्टरच्या किंवा विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनात कॅमशाफ्ट गियरवर फिरतो. दात घसरण्याची भानगडच नाही. मग डिसेंबर १९९८मध्ये टाटांची इंडिका आली. तिच्या १,४०५ सीसीच्या डिझेल इंजिनात कॅमशाफ्ट फिरवायला दातेरी रबरी पट्टा. ही कल्पना मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत पहिल्यांदा आणली ती जर्मनीच्या ग्लास कंपनीने, १९६२ साली. पट्टा हलका, आवाज कमी, वंगणाची गरज नाही. मात्र रबर ते रबरच. तेल गळून त्यावर पडलं, टेन्शनरचं बेअरिंग गेलं किंवा पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप जाम झाला, की दात सुटतात.

क्रँकचे दोन फेरे म्हणजे वॉल (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या कॅमचा एक. हा हिशेब एका दाताने चुकला तर गाडी धूर सोडत, पिकअप हरवून कशीबशी चालते. जास्त चुकला की उघडा वॉल वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतो. डिझेलमध्ये पिस्टन हेडच्या अगदी जवळ येतो, म्हणून मार जबर बसतो. त्यातून सगळ्यात वाईट म्हणजे ‘बघू या, चालू होते का’ म्हणून मारलेला पुढचा सेल्फ. तो नेहमीपेक्षा मोकळा, एका सुरात फिरला तर समजावं, कॉम्प्रेशन राहिलेलं नाही.

जाणता फिटर आधी बॅटरीची तार काढतो. मग कव्हर उतरवून टायमिंगच्या खुणा किती सरकल्यात ते पाहतो. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन माथ्यावर असतानाच्या जागेपासून क्रँक पाव फेरा मागे-पुढे असला की चारही पिस्टन बोअरच्या मध्यावर येतात. तेव्हाच कॅम निर्धास्त फिरवता येतो. खुणा जुळवून पट्टा तात्पुरता चढवायचा, ग्लो प्लग काढायचे आणि पान्याने क्रँक सावकाश, इंजिनच्या नेहमीच्या दिशेने, पुरे दोन फेरे फिरवायचा. मध्येच अडलं तर तिथेच थांबायचं. हातातलं ते अडणं मला कुठल्याही यंत्राच्या आकड्याहून जास्त खात्रीचं वाटतं. तिथे जोर लावणारा फिटर बदललेला बरा.

फेरे पुरे झाले तरी निकाल लागलेला नसतो. केसभर वाकलेला वॉल पिस्टनला लागत नाही, पण बसकणीवर नीट बसतही नाही. मग एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. जो कमी भरेल त्याचे दोन्ही वॉल बंद असताना ग्लो प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल गेला, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक वॉल, तेलाच्या झाकणातून आली तर दुखणं खाली रिंगांकडे. नळी घालून कॅमेऱ्याने पाहता आलं तर पिस्टनच्या माथ्यावर वॉलच्या ठोक्याची चंद्रकोर दिसते. ती दिसली की हेड उतरवायचंच. वॉलबरोबर गाइडही तपासायचे. काहीच निघालं नाही तरी नुसता पट्टा बदलून गाडी देणं मला पटत नाही. टेन्शनर आणि पाण्याचा पंप त्याच खोलण्यात बदलावा, कारण पट्टा सरकला तो बहुधा त्यांच्यामुळेच.