बारावीनंतर विज्ञानात ऑनर्स

अकोला-अमरावतीत बारावी सायन्स म्हटलं की घरोघरी चर्चा नीट-जेईईचीच. मूलभूत विज्ञान शिकायचं असेल तर वाट वेगळी आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी 'आयएटी' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: तीन तास, 60 प्रश्न, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्राचे प्रत्येकी 15. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. गणित किंवा जीवशास्त्र सोडलेली हुशार मुलं इथेच अडतात; सोडलेल्या विषयाची अकरावीची पुस्तकं त्यांनी आधी हाती घ्यावीत.

घर सोडणं शक्य नसेल, तर अमरावतीत 1923 पासूनची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. यूजीसीच्या चौकटीप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घ्यायला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. म्हणजे पहिल्या सत्राचे गुणही मोजले जातात.