बंदुकीचा चाप

नेवाशास मोहिनीराजाची यात्रा असो वा दुसऱ्या गांवची जत्रा असो, फुगे फोडण्याची हवेची बंदूक जेथें मांडलेली असते तेथें एक गंमत हटकून दिसते. नेम धरणाऱ्याचा डोळा अचूक असतो, पण फुगा शाबूतच राहतो. पुष्कळदां हा दोष डोळ्याचा नसून चापाचा असतो.

चाप ओढला म्हणजे आंतील अडण सरकते, तिनें रोखून धरलेला घोडा किंवा दट्ट्या सुटतो आणि बार होतो. त्यासाठीं बोटास लावावा लागणारा जोर वजनांत मोजतात. हा जोर फार लागला, अथवा अडण खरखरत सरकली, तर बोटाबरोबर हातहि ओढला जातो व नळीचें तोंड हलतें. म्हणूनच मूळचा चाप काढून दुसरा बसविण्याची प्रथा पडली.

अशा बदली चापांचे मुख्य प्रकार दोन. एकटप्पी चाप जवळजवळ न सरकतां एकदम सुटतो. दुटप्पी चाप प्रथम हलकेच मागें येतो, मग बोटास स्पष्ट अडथळा लागतो. तेथें थांबून नेम पुन्हा पारखतां येतो. पहिला चपळाईस सोयीचा, दुसरा सावकाश नेमबाजीस.

मग सर्वांत हलका चाप तोच उत्तम काय? कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांतील ज्या ५० मीटर रायफल स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तींत चापास किमान वजनाची अट नाहीं. २५ मीटर पिस्तुलास मात्र १००० ग्रॅमची अट आहे. कुसाळे यांच्या स्पर्धेंत गोळी एकेक करून हातानें भरतात. अर्धस्वयंचलित रायफलींत पुढची गोळी आपोआप भरली जाते, आणि त्या वेळीं आंतील लोखंडी खीळ जोरानें आदळते. अडणीची पकड नको इतकी कमी केली, तर या हादऱ्यानेंच घोडा सुटण्याचा संभव असतो. एम-१६ या लष्करी रायफलीच्या चापास अडीच किलोहून अधिक जोर लागतो, तो उगाच नव्हे.

तेव्हां चापाची खरी कसोटी हलकेपणा नसून एकसारखेपणा होय. प्रत्येक वेळीं तितक्याच जोरानें, त्याच जागीं तो सुटला पाहिजे. शिवाय भारतांत १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें बंदुकीची दुरुस्ती वा फेरफार करण्याच्या धंद्यास परवाना लागतो; हें काम घरगुती कानशीनें करावयाचें नव्हे.